कोल्हापूरहून वाफेच्या डोंगरगाडीला: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी सासरे, सासूबाई, बायको आणि दोन पोरं एवढा लवाजमा घेऊन मी दार्जिलिंगला गेलो. सासऱ्यांना वाफेचं इंजिन दाखवायचं होतं, म्हणून एवढा खटाटोप. गाडीत बसलो, गाडी हलली, आणि पुढून ट्रकसारखा हॉर्न वाजला. सासरे दोन मिनिटं गप्प राहिले. मग खिडकीतून डोकं आत घेऊन म्हणाले, "पावणं, धूर कुठाय वो?"

तिकीट काढताना मी यादीतल्या पहिल्या गाडीवर बोट ठेवलं होतं. ती डिझेलची होती.

तेव्हापासून पेठेतलं कुणीही दार्जिलिंगला निघालं की माझ्याकडं विचारायला येतं. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून ठेवावं म्हटलं. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेला माणूस. त्यामुळं या लेखात हॉटेलं आणि खरेदी कमी सापडेल, आणि इंजिन जरा जास्त.

आधी ठरवा: कोणती गाडी

'टॉय ट्रेन' या एका नावाखाली आपल्या देशात चार-पाच वेगवेगळ्या गाड्या खपतात. घरात चर्चा सुरू होण्याआधी एवढं समजून घ्या.

आपल्या कोल्हापूर स्टेशनातले रूळ ब्रॉडगेजचे आहेत, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर 1676 मिलिमीटर. मीटरगेज 1000 मिलिमीटर. त्याहून अरुंद ते नॅरोगेज, आणि त्यातही दोन मापं: 762 आणि 610. दार्जिलिंग आणि माथेरान 610 चे, म्हणजे जेमतेम दोन फुटांचे. कालका–शिमला 762 ची.

आपल्या भागाला नॅरोगेज नवी नाही. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी जी छोटी गाडी जायची, ती बार्शी लाईट रेल्वे 762 चीच. 1897 मध्ये बार्शीपासून सुरू झालेली ती लाईन 1927 मध्ये मिरजेला पोहोचली. कोल्हापूर–मिरज रेल्वे 1891 ची, ती मीटरगेज होती आणि 1971 मध्ये ब्रॉडगेज झाली. त्यानंतर बरीच वर्षं मिरज स्टेशनात ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही रूळ एका वेळी नांदत होते. सासरे लहानपणी आषाढीला याच छोट्या गाडीनं पंढरपूरला गेलेले. वाफेची हौस त्यांना तिथली. ती लाईन ब्रॉडगेज झाली, वाफ तर त्याच्याही आधी गेली. त्यामुळं आता वाफ बघायची तर लांब जाणं आलं.

पर्याय असे आहेत. माथेरान सगळ्यात जवळ आणि स्वस्त, पण गाडी डिझेलवर चालते. कालका–शिमल्याला 102 बोगदे आहेत आणि वाट देखणी आहे, पण रोजच्या गाड्या डिझेलच्या. निलगिरीला, म्हणजे मेट्टुपाळयम ते कुन्नूर, खरं वाफेचं इंजिन लागतं. मधल्या दातेरी रुळात चाकाचे दात अडकवून ते गाडी वर चढवतं. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूर गाठता येत असल्यामुळं आपल्याला ते त्यातल्या त्यात सोयीचं. मात्र ती मीटरगेज आहे, आणि कुन्नूरच्या पुढं उटीपर्यंत डिझेल जोडतात. नॅरोगेज, वाफ आणि डोंगर या तिन्ही गोष्टी एका तिकिटात हव्या असतील तर दार्जिलिंग. पुढचं सगळं त्याबद्दल.

रंगीत तालीम माथेरानला करा

घरात लहान पोरं किंवा सत्तरीपुढची माणसं असतील तर दार्जिलिंगच्या आधी एकदा माथेरान कराच. अरुंद डब्यात गुडघे कुठं जातात, वळणावर पोटात कसं होतं, दोन-अडीच तास कोण किती दम धरतं, हे सगळं कळतं. एवढं कळायला दोन हजार किलोमीटर जायची गरज नाही.

रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, कर्जत किंवा कल्याणला उतरून लोकलनं नेरळ गाठायचं. नेरळला फलाटाच्या पलीकडं छोटी गाडी उभी असते. डबे कमी, माणसं जास्त, त्यामुळं तिकिटाच्या खिडकीवर लवकर उभं राहायचं. शनिवार-रविवार टाळला तर उत्तम. लाईन 20-21 किलोमीटरची. मध्ये जुम्मापट्टी, वॉटरपाइप, अमन लॉज ही स्टेशनं लागतात. आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं ती बांधली आणि 1907 मध्ये सुरू केली.

पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. वरची अमन लॉज–माथेरान शटल तेवढी चालू राहते. जुलैत पोरांना कबूल करून बसाल तर दस्तुरी नाक्यापर्यंत टॅक्सीनं जावं लागेल आणि वर दहा-पंधरा मिनिटांच्या शटलवर समाधान मानावं लागेल.

दार्जिलिंगचं तिकीट: इथंच सगळे फसतात

दार्जिलिंगच्या लाईनवर दोन प्रकारच्या गाड्या असतात. एक लांब पल्ल्याची, न्यू जलपाईगुडीपासून दार्जिलिंगपर्यंत 88 किलोमीटर. ती डिझेलवर चालते आणि सात-आठ तास घेते. दुसरी जॉय राइड. ही दार्जिलिंगहून निघून जवळच्याच घूम स्टेशनाला जाते आणि परत दार्जिलिंगला येते. दोन तासांचा कार्यक्रम. या जॉय राइडमध्येही परत दोन जाती, स्टीम आणि डिझेल. वाफ हवी असेल तर 'स्टीम जॉय राइड' हे शब्द तिकिटावर असलेच पाहिजेत.

तिकीट आयआरसीटीसीवर मिळतं. चढायचं आणि उतरायचं, दोन्ही स्टेशनं दार्जिलिंगच असतात. पहिल्यांदा काढणारा तिथंच गोंधळतो, काहीतरी चुकलंय असं वाटून घूम शोधत बसतो. चुकलेलं काही नसतं. यादी आली की प्रत्येक गाडीचं नाव शेवटपर्यंत वाचा. भाड्यावरूनही ओळखू येतं, स्टीमचं तिकीट डिझेलपेक्षा महाग असतं. माणशी दीड हजाराच्या घरात जाईल असं धरून चला, आणि काढायच्या दिवशीचा आकडा बघून घ्या. चौघांचं कुटुंब असेल तर दोन तासांच्या गाडीला सहा हजार, हे घरच्यांना आधीच सांगा. ऐन वेळी सांगितलं की त्या पैशात कोल्हापुरात काय काय आलं असतं याचा हिशोब गाडीभर ऐकावा लागतो.

लांबची की जवळची, असंही लोक विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या खेपेला 88 किलोमीटरच्या फंदात पडू नका. सात-आठ तास दोन फुटी रुळावर बसणं हौशी माणसाचं काम. शिवाय दरडी कोसळल्या की सगळ्यात आधी तीच गाडी बंद होते. 2010 मध्ये या वाटेवरच्या पागलाझोऱ्याला डोंगर खाली आला, तेव्हा पूर्ण लाईन परत जोडायला 2015 उजाडलं. जीपनं वर जा, वाफेची दोन तासांची गाडी नीट बघा, आणि मन भरलं नाही तर पुढच्या वेळी लांबची करा.

वेळ सकाळची घ्या. दिवसातून अनेक फेऱ्या असतात, पण कांचनजंगा सकाळी दिसतं आणि दुपारपर्यंत ढगात जातं. टायगर हिलचा सूर्योदय त्याच दिवशी ठेवू नका. पहाटे साडेतीनला उठवलेलं पोर नवाच्या गाडीत झोपतं, आणि दीड हजाराची झोप होते.

कधी जायचं

ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, किंवा मार्च-एप्रिल. हवा स्वच्छ हवी आणि थंडी सोसवत असेल तर डिसेंबर. जून ते सप्टेंबर जाऊ नका. आपण गगनबावड्याचा पाऊस बघितलेली माणसं, पावसाचं आपल्याला काही वाटत नाही, पण तिथं पावसापेक्षा दरडींचं भय. मे महिन्यात सगळं कोलकाता वर आलेलं असतं, खोल्या आणि तिकिटं दोन्ही मिळत नाहीत.

कोल्हापुरातून पोहोचायचं कसं

वेळ कमी असेल तर महालक्ष्मीनं रात्रीत मुंबई, आणि तिथून बागडोगऱ्याचं विमान. तीनेक तासांत उतरता. बागडोगरा विमानतळ सिलिगुडीला लागूनच आहे.

रेल्वेनंच जायचं असेल तर आपल्याकडून थेट सोय नाही. मुंबईहून किंवा नागपूरहून हावडा, हावड्याहून टॅक्सीनं सियालदह, आणि तिथून रात्रीची दार्जिलिंग मेल न्यू जलपाईगुडीला सकाळी सोडते. नागपूरपर्यंत महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. दुसरी कोल्हापूर–नागपूर गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर अशी जाते. सासऱ्यांनी हट्टानं तीच निवडली होती, कारण त्यांच्या छोट्या गाडीची ती वाट. रात्रभर जागून खिडकीतून काळोख बघत होते. कोल्हापूर ते दार्जिलिंग रेल्वेनं तीन दिवस धरा, आणि मधली गाडी चुकली तर पुढची मिळेल एवढी मोकळीक ठेवा. मुख्य गाड्यांचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच काढा.

न्यू जलपाईगुडी किंवा बागडोगऱ्याहून वर जायला जीप. सीटवर पैसे घेणाऱ्या जीप असतात, किंवा पूर्ण गाडी करता येते. अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, वेळ तीन-साडेतीन तास. ज्यांना करूळ घाटात लागतं त्यांना इथंही लागणार. गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. कर्सियांगनंतर रस्त्याच्या कडेनं छोटे रूळ सोबतीला येतात. कधी डावीकडं, कधी उजवीकडं, मध्येच रस्ता ओलांडून. एखाद्या दुकानाच्या पायरीला घासून जातात. पोरांना ते शोधायला लावा, जीपचा प्रवास सुसह्य होतो.

तिथली माणसं नेपाळी बोलतात, हिंदी सगळ्यांना येतं. ड्रायव्हरला 'दाजू' म्हणायचं. आपल्याकडं दाजी म्हणजे बहिणीचा नवरा, त्यांचा दाजू म्हणजे थोरला भाऊ. आमच्या सासूबाई तीन दिवस ड्रायव्हरला दाजी म्हणत होत्या आणि तो बिचारा हसून ओ देत होता.

काय न्यायचं

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरवर. दार्जिलिंग दोन हजारांच्या वर, आणि घूम 2258 मीटरवर, म्हणजे 7407 फूट. देशातलं सगळ्यात उंचावरचं रेल्वे स्टेशन ते. श्वासाचा त्रास सहसा होत नाही, पण चढ चढताना धाप लागते. हृदयाचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारून निघा.

एक जाड जर्किन घेण्यापेक्षा दोन पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारं काहीतरी, हे बरं. डब्यात गरम होतं, वाटेत बतासिया लूपला गाडी थांबते तिथं उतरलं की वारा झोंबतो. कानटोपी हवीच. गाडीच्या दिवशी पांढरा कपडा घालू नका. आणि साधा गॉगल किंवा चष्मा प्रत्येकाकडं हवा. यात फॅशन नाही, कोळशाच्या कणांपासून बचाव आहे. दुसऱ्या खेपेला मी वळणावर डोकं बाहेर काढून इंजिन बघत होतो. डोळ्यात कण गेला तो घूमपर्यंत निघेना. निम्मी गाडी मी एका डोळ्यानं बघितली. असं झालं तर चोळायचं नाही, बाटलीतलं पाणी डोळ्यावर ओतायचं. बाटली हाताशी ठेवा.

खायला भडंग न्या, तिखट लागत असेल तर कांदा-लसूण चटणीची छोटी डबी. तिकडं मोमो आणि थुक्पा चांगला मिळतो, पण बेताचा तिखट. मोमोला आपली चटणी लावून बघा.

गाडीच्या दिवशी: तासभर आधी स्टेशनात

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. गाडी सुटायच्या वेळी येऊ नका. तासभर आधी या. गाडीत बसल्यावर इंजिन दिसत नाही, ते दिसतं सुटायच्या आधी. स्टेशनाजवळच इंजिनशेड आहे. कामाच्या माणसांच्या पायात न येता, रस्त्याच्या कडेनं बघत उभं राहायचं.

इंजिनाला 'बी क्लास' म्हणतात. 1889 पासून 1927 पर्यंत या जातीची इंजिनं बनत राहिली. बहुतेक ग्लासगोची, तीन अमेरिकेची आणि तीन तिथल्याच तिनधरिया वर्कशॉपची. चारच चाकं आणि चारही ओढणारी. चाकाचा व्यास 26 इंच, म्हणजे आपल्या सायकलच्या चाकाएवढा. निलगिरीसारखे दात नाहीत, नुसत्या लोखंडावर लोखंड घासून ते तीसेक फुटांना एक फूट असा चढ चढतं. पाण्याची टाकी घोड्याच्या खोगिरासारखी बॉयलरवर टाकलेली. कोळशाची पेटीही बॉयलरच्या वरच, केबिनच्या पुढं. जागाच नाही, म्हणून सगळं अंगावर घेतलेलं.

गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला हे इंजिन लगेच कळतं. चुलवाणात जाळ घालणारा गडी कसा एकसारखं चिपाड ढकलत नाही, आत बघतो, लाल कुठं कमी झालंय तिथंच नेमकं टाकतो, तसाच इथला फायरमन. फावडं अर्धंच भरलेलं. दार उघडतो, एक कोपरा हेरतो, मनगट वळवून कोळसा तिथं भिरकावतो आणि दार बंद. उघडं ठेवलं तर थंड हवा आत शिरते. मी घड्याळ लावून बघितलं होतं, दार दोन-तीन सेकंदांच्या वर उघडं राहत नव्हतं. बॉयलरवरच्या ढिगात एक जण बसून हातोडीनं मोठे ढेकळे फोडून पुढं सरकवतो. ड्रायव्हर तेवढ्या वेळात तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्यात दोन-दोन थेंब सोडत फिरतो आणि जाता जाता बेअरिंगवर तळहात ठेवून बघतो. लेथवर काम केलेल्या कुणालाही तो तळहात ओळखीचा वाटेल. गरम लागलं म्हणजे काहीतरी बिघडणार.

फोटो काढायचे असतील तर विचारून काढा, "दाजू, एक फोटो?" नाही म्हणणारा अजून भेटला नाही. इंजिनाच्या खालून मध्येच पाणी आणि वाफ फस्सकन बाहेर पडते, ती पायाला भाजते. पोरांना हाताला धरून ठेवा. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला की असा आवाज होतो की लहान पोरं रडतात. आधी सांगून ठेवा.

डब्यात

दोन-तीनच डबे असतात, जागा तिकिटावर छापलेली. इथं एक गंमत आहे. लोकांना वाटतं, जाऊन परत यायचं आहे, म्हणजे दोन्ही बाजू आपोआप बघायला मिळतील. तसं होत नाही. घूमला इंजिन सुटं करून दुसऱ्या टोकाला लावतात, डबे वळत नाहीत. त्यामुळं जाताना ज्या खिडकीतून भिंत दिसली त्याच खिडकीतून येतानाही भिंतच दिसते. म्हणून घूमला आपसात जागा बदला. घरचीच माणसं समोरासमोरच्या खिडक्यांना असतील तर प्रश्नच नाही.

जाताना गाडी चढते, कारण घूम दार्जिलिंगच्याही वर आहे. इंजिनाचा खरा आवाज या अर्ध्या वाटेत ऐकायला मिळतो. एक भुस्स म्हणजे सिलिंडरातून सुटलेला वाफेचा एक फटका. चाकाच्या एका फेऱ्यात असे चार. चाकाचा परीघ दोन मीटर, म्हणजे दोन मीटरला चार भुस्स. पोरांना मोजायला लावा. पाच सेकंदांत वीस-पंचवीस झाले की गाडी ताशी सात ते नऊ किलोमीटरनं चाललीय. मध्येच ठोके एकदम घाईनं पडले आणि गाडी मात्र पुढं सरकली नाही, तर चाक घसरलं म्हणायचं. मग इंजिनाच्या पुढं उभे असलेले गडी रुळावर मुठीनं वाळू टाकतात, आणि ठोके परत ताळ्यावर येतात. दव पडलेल्या सकाळी हे बघायला मिळण्याची शक्यता जास्त.

हात बाहेर काढू नका. नेहमीची रेल्वेची पाटी म्हणून दुर्लक्ष कराल, पण इथं खरोखर हातभर अंतरावर दुकानं आहेत. आपली महाद्वार रोडवरची गर्दी डोळ्यासमोर आणा आणि तिच्यामधून रेल्वे काढा. भाजीची टोपली, वाळत घातलेलं स्वेटर, बाकावर बसलेली म्हातारी, सगळं हाताला लागेल असं जातं. शिट्टी जवळजवळ थांबतच नाही.

बतासिया आणि घूम

बतासिया लूपला दहाएक मिनिटं थांबते. रूळ इथं पूर्ण गोल फिरतात आणि स्वतःच्याच खालून निघतात, म्हणजे थोडक्या जागेत उंची साधली जाते. 1919 मधलं हे काम. मधल्या बागेत गोरखा जवानांचं स्मारक आहे. हवा स्वच्छ असेल तर समोर कांचनजंगा, 8586 मीटर. सगळे तिकडं पळतात. तुम्ही आधी दोन मिनिटं इंजिनाकडं जा, तिथं कुणी नसतं, आणि मग डोंगराकडं वळा. डोंगर कुठं जात नाही. गाडी मात्र शिट्टी मारून सुटते, वाट बघत नाही. आमच्या डब्यातली एक बाई लोकरीच्या टोप्यांचा भाव करत राहिली आणि तिला शेवटी पळत येऊन चढावं लागलं.

घूमला अर्धा तास. स्टेशनातच रेल्वेचं छोटं संग्रहालय आहे, बाहेर 'बेबी सिवोक' नावाचं चिमुकलं इंजिन ठेवलंय. संग्रहालय पंधरा मिनिटांत होतं. उरलेल्या वेळात इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला कसं जातं ते बघा, कपलिंग कसं जोडतात ते बघा, आणि चहा प्या. घूमचा मठ या वेळात बसत नाही, त्याला दुसऱ्या दिवशी जीपनं या.

या लाईनचा इतिहास तिथल्या पाट्यांवर आहे. थोडक्यात: खाली बैलगाड्यांची वाट होती, तांदूळ वर न्यायला आणि चहा खाली आणायला खर्च फार यायचा. फ्रँकलिन प्रेस्टेज नावाच्या रेल्वे अधिकाऱ्यानं त्याच रस्त्याच्या कडेनं रूळ टाकायची कल्पना मांडली. 1879 मध्ये काम सुरू झालं आणि 1881 मध्ये गाडी दार्जिलिंगला पोहोचली. बोगदा एकही नाही. जिथं चढ झेपेना तिथं लूप टाकले, तेही जमेना तिथं गाडी थोडी उलटी नेऊन परत पुढं काढली. कागदावर काढलं तर इंग्रजी झेडसारखं दिसतं. 1999 मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. ते झेड जॉय राइडच्या वाटेवर लागत नाहीत, ते खाली तिनधरिया भागात आहेत. त्यांच्यासाठी मात्र 88 किलोमीटरवाली गाडी करावी लागते.

परतीला उतार. इंजिन जवळजवळ गप्प असतं, ब्रेकचाच आवाज जास्त. इथं सगळे मोबाईल बघत बसतात, त्यांना बसू द्या.

गाडी रद्द झाली तर

होतं असं. कधी दरड, कधी इंजिनात बिघाड. म्हणून जॉय राइड मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी ठेवली तर दुसरी फेरी मिळण्याची संधी राहते. दार्जिलिंगला किमान तीन रात्री धरा. स्टीमच्या जागी ऐन वेळी डिझेल लावलं तर खिडकीवर जाऊन भाड्यातल्या फरकाबद्दल विचारा, नुसतं चरफडत बसू नका.

सासऱ्यांना त्या डिझेलनंतर दुसऱ्या दिवशी स्टेशनात नेलं. तिकीट नव्हतं, जागा भरलेल्या. दीड तास ते शेडसमोर रस्त्याच्या कडेला उभे होते. फायरमननं त्यांना ओळखीनं हात केला, यांनीही केला. पुढच्या वर्षी तिकीट काढून परत नेलं, या वेळी गाडीचं नाव तीनदा वाचून.

घरी आल्यावर

कपड्यांवरची काजळी थेट पाण्यात टाकू नका, ती आणखी पसरते. आधी गच्चीवर नेऊन कोरडेच झटका, कॉलर आणि बाह्यांच्या घड्या उलगडून झटका, मग साबण लावून अर्धा तास भिजवा. कानटोपीच्या घडीत कोळशाची कणी राहतेच. सासऱ्यांची टोपी मात्र सासूबाईंना अजून धुवायला मिळालेली नाही.